पत्र्याचा गेज आणि पगाराचा आकडा

(मंडळाच्या सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला दूरध्वनीवरून विषय विचारला, तेव्हा 'पत्रेकाम करणाऱ्या कारागिराचा पगार आणि राहणीचा खर्च' असे मी सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. नंतर त्यांनी अत्यंत सौजन्याने विचारले, "नाट्यसंगीतावर काही बोलता आले असते का?" त्यांचे चुकले नाही. दिल्लीतल्या या व्यासपीठावरून गेली पन्नास वर्षे संतवाङ्मय, शिवकाल, नाट्यसंगीत यांवर विद्वानांनी भाषणे दिली आहेत. माझ्यासारख्या साध्या बी.ए. झालेल्या सरकारी नोकराने तेथे उभे राहून पत्रा, कात्री आणि खोलीचे भाडे यांविषयी बोलावे, हे थोडे विशोभितच. परंतु गेल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली, तिचा हिशेब कुठेतरी मांडावा असे मनात होते. आणि ती चूक ज्या अज्ञानातून झाली ते अज्ञान केवळ माझे एकट्याचे नसून आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आहे, अशी माझी शंका आहे.

मी मूळचा सोलापूरचा. केंद्र सरकारच्या एका खात्यात आस्थापना शाखेत काम करतो. माझ्या कामाचा एक भाग असा की वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासूनच्या महागाई भत्त्याचे आदेश आले म्हणजे कचेरीतील सर्वांच्या वेतनात ते बसवून द्यायचे. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाची बारा महिन्यांची सरासरी काढायची, तीतून २६१.४२ वजा करायचे, त्यालाच भागायचे, शंभराने गुणायचे, की सातव्या वेतन आयोगाप्रमाणे आमचा भत्ता निघतो. निर्देशांकाची नवी मालिका २०१६ हे वर्ष पायाभूत धरून आली, तेव्हापासून आधी २.८८ ने गुणावे लागते. हे आकडे मला आमच्या मुलांच्या वाढदिवसांपेक्षा अधिक पाठ आहेत, असे सौभाग्यवती म्हणतात. जानेवारी २०२४ पासून ५० टक्के, त्या जुलैपासून ५३, जानेवारी २०२५ पासून ५५, जुलैपासून ५८. निर्देशांक म्हणजे आपला घरचा विषय, अशी माझी पक्की समजूत होती.

२०२५ च्या फेब्रुवारीत सोलापूरहून आमच्या जुन्या शेजाऱ्यांच्या नातवाचा फोन आला. या मुलाचे आजोबा गिरणीत होते, वडील यंत्रमागावर. मुलाने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शीट मेटल वर्करचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि चार वर्षे तेथल्याच एका कारखान्यात पत्रेकाम केले.

पत्रेकाम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे डबे-पिंपे झाळणारा माणूस किंवा पुण्याच्या तांबट आळीतला ठोक्यांचा आवाज येतो. आजचा पत्रेकारागीर बहुधा वातानुकूलनाच्या हवेचे चौकोनी नळ तयार करतो, त्यांना ते लोक 'डक्ट' म्हणतात. मोठ्या इमारतीत छताच्या आत दडलेले असतात म्हणून आपल्याला दिसत नाहीत. नकाशावरून पत्र्याच्या सपाट तुकड्यावर आखणी करायची, कापायचे, दुमडायचे, कडा एकमेकींत अडकवून सांधा बसवायचा. आखणीत बोटभर चूक झाली तर सगळा पत्रा भंगारात जातो. कोपऱ्यावर नळ वळतो तेथली आखणी करणे हे भूमितीचे काम आहे, आणि मी कलाशाखेत गेलो त्याचे एक कारण भूमिती हेच होते. या मुलाच्या डाव्या तळहातावर कापल्याच्या जुन्या खुणा आहेत. पत्र्याची ताजी कड वस्तऱ्यासारखी असते.

त्याचा प्रश्न सरळ होता. "काका, इथे महिन्याला साडेतेरा हजार मिळतात. दिल्लीचा एक ठेकेदार वीस हजारांच्या वर देतो म्हणतोय. यावं का?"

मी त्याला म्हटले, दोन दिवस थांब, आकडे पाहून सांगतो. आणि मी खरोखरच आकडे पाहिले. निर्देशांकाचा केंद्रवार तक्ता माझ्याजवळ असतोच. देशातल्या ८८ केंद्रांत सोलापूर आहे आणि दिल्लीही आहे. पाहतो तो सोलापूरचा आकडा दिल्लीपेक्षा मोठा! मला शोध लागल्यासारखे वाटले. दिल्ली महाग, दिल्ली महाग अशी जी ओरड आपण करतो ती नुसती हवा आहे, आकडे तसे म्हणत नाहीत, असे मी जेवताना सौभाग्यवतींना ऐकविले. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही मंडईतून शेवटची भाजी कधी आणली?" मी त्या प्रश्नाकडे दुर्लक्ष केले. मुलाला कळविले : खुशाल ये.

तो मे महिन्यात आला. जुलैत त्याने बायकोला आणि चार वर्षांच्या मुलीला आणले. ऑगस्ट संपता संपता एका रविवारी आमच्याकडे जेवायला आला, आणि जेवण झाल्यावर शाळकरी मुले वापरतात तशी एक वही त्याने माझ्यापुढे ठेवली. तक्रारीचा सूर नव्हता. त्याला वाटले की आपल्याकडूनच कुठे हिशेब चुकतो आहे, काका सरकारात आहेत, ते काढून देतील.

ती वही मी येथे थोडक्यात वाचून दाखवितो. पगार २०,३७१ रुपये. त्यातून भविष्यनिर्वाह निधीचे १,८०० आणि राज्य विम्याचे १५३ वजा जाऊन हाती १८,४१८. बदरपूरच्या बाजूला एक खोली, भाडे ६,५००. वीज आणि पिण्याच्या पाण्याचे डबे मिळून १,१००. गॅस ९००. धान्य, भाजी, दूध, तेल ७,०००. ओखल्याला जाण्यायेण्याचे १,२००. फोन ३००. औषध, साबण, किरकोळ ५००. एकूण १७,५००. शिल्लक ९१८ रुपये. त्यात कपडे नाहीत, मुलीची शाळा नाही, आणि गावी पाठवायचे काहीच नाही.

आता सोलापूरची बाजू. पगार १३,५००, कपात कसलीच नाही, कारण कारखाना लहान. राहायला वडिलांचे घर. घरात खर्चासाठी ७,०००, मोटारसायकलच्या पेट्रोलला १,०००, फोन ३००, किरकोळ ७००. शिल्लक ४,५००. म्हणजे पगार ६,८७१ रुपयांनी वाढला आणि शिल्लक ३,५८२ रुपयांनी घटली!

न्यायाने बोलायचे तर दिल्लीच्या बाजूला दोन गोष्टी जमा धरल्या पाहिजेत. भविष्यनिर्वाह निधी हा खर्च नव्हे, ती बचत आहे, आणि तिच्यात मालकाचीही भर पडते. राज्य विम्याच्या १५३ रुपयांत त्याच्या कुटुंबाच्या औषधोपचाराची सोय आहे, सोलापुरात ती नव्हती. मी हे त्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "ते खरं आहे काका, पण मुलीच्या शाळेची फी आत्ता भरायची आहे." मी गप्प बसलो.

माझी चूक कोठे झाली होती? ती समजून घ्यायला मला आठ-पंधरा दिवस लागले, आणि लाज वाटली, कारण ही गोष्ट निर्देशांकाच्या पहिल्या धड्यातली आहे. हा निर्देशांक प्रत्येक गावाची तुलना त्याच गावाच्या भूतकाळाशी करतो. २०१६ साली सोलापुरात जो खर्च होता तो १०० धरायचा, दिल्लीतला जो होता तोही १०० धरायचा, मग तो सोलापूरच्या दुप्पट का असेना. पुढे सोलापुरात किमती भरभर वाढल्या तर सोलापूरचा आकडा मोठा होणार. दोन मुलांची उंची किती वाढली याची नोंद ठेवली तर लहान मूल पुढे दिसेल. त्यावरून ते मोठ्यापेक्षा उंच आहे असे म्हणणारा माणूस जसा शहाणा, तसा मी. दिल्ली आणि सोलापूर यांत महाग कोण, हा प्रश्न त्या तक्त्याला विचारायचाच नसतो. मी विचारला, आणि तक्ता बिचारा मुकाट्याने चुकीचे उत्तर देऊन बसला.

पण हे झाले शास्त्राचे. आणखी एक कारण आहे, आणि ते सांगताना मला या सभागृहातील माझ्या पिढीच्या मंडळींकडे पाहावेसे वाटते. गेली एकोणीस वर्षे मी सरकारी निवासस्थानात राहतो. माझ्या वेतनातून त्याचे जे शुल्क कापले जाते ते हजार रुपयांच्या आतबाहेर असते. दिल्लीत खोलीला काय भाडे पडते हे मला ठाऊकच नव्हते! आपले मंडळ ज्यांनी स्थापन केले ते बहुतेक सगळे रामकृष्णपुरम, सरोजिनी नगर अशा वसाहतींतले होते. महागाईवर आपण पन्नास वर्षे बोललो ते डाळीच्या, तेलाच्या आणि हापूसच्या पेटीच्या भावावर. घरभाडे हा शब्द आपल्या बोलण्यात फारसा आलाच नाही, कारण तो आपल्या खर्चाच्या वहीत नव्हता. निर्देशांकाची पाने मात्र ते सांगत होती. १९८२ पायाभूत असलेल्या मालिकेत कामगार कुटुंबाच्या शंभर रुपयांपैकी ५७ रुपये अन्नाचे आणि ८ रुपये ६७ पैसे घराचे धरले होते. २००१ च्या मालिकेत अन्न ४६.२० वर उतरले आणि घर १५.२७ वर चढले. २०१६ च्या मालिकेत अन्न ३९.१७, घर १६.८७. आणि ही झाली सरासरी. तिच्यात वडिलोपार्जित घरात राहणारे आणि कारखान्याच्या वसाहतीत राहणारेही येतात. या मुलाच्या वहीत शंभरातले ३७ रुपये एकट्या खोलीचे आहेत.

कामगाराची मजुरी त्याच्या गावच्या खर्चाशी ताडून पाहण्याची कल्पना काही नवी नाही, आणि आपल्याकडे ती मुंबईत रुजली याचा आपल्याला अभिमान वाटायला हरकत नाही. पहिल्या महायुद्धानंतर भाव भडकले, गिरण्यांत संप झाले, तेव्हा १९२१ साली मुंबई सरकारने कामगार कचेरी काढली. फिंडले शिरास तिचे प्रमुख होते. त्यांच्या माणसांनी गिरणगावातल्या चाळी हिंडून कुटुंबांचे जमाखर्च लिहून घेतले. त्याचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. बहुतेक कुटुंबे एकेका खोलीत राहतात, असे त्यात दिसून आले. जुलै १९१४ चे भाव पायाला धरून मुंबईचा निर्देशांक निघू लागला. पुढे मुंबईचा निर्देशांक खऱ्या महागाईच्या मागे पडला. तो आकडा खोटा आहे, अशी कामगारांची ओरड झाली, आणि १९६३ साली महाराष्ट्र सरकारने प्रा. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. कामगारांच्या तक्रारीत तथ्य आहे असे त्या समितीला आढळले. गिरणी कामगाराला स्वतःच्या बायकोच्या हातची पिशवी पाहून जे कळत होते ते आकड्यांच्या तज्ज्ञांना मागाहून कळले. आमच्या घरीही क्रम तोच राहिला, हे मी वर सांगितलेच आहे.

मजुरी किती असावी याचेही माप ठरलेले आहे. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने ते घालून दिले : कमावणाऱ्यामागे तीन माणसांचे अन्न, प्रौढ माणसाला दिवसाला २,७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, किमान घरभाडे, आणि सरपण, दिवाबत्ती वगैरेंसाठी एकूण वेतनातील २० टक्के. सर्वोच्च न्यायालयाने पुढे एका प्रसिद्ध निकालात शिक्षण, औषध, सणवार, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी २५ टक्क्यांची भर घातली. वाचताना मन भरून येते. परंतु घरभाड्याच्या कलमापाशी आले की मी अडखळतो. २०१९ साली संसदेने वेतन संहिता मंजूर केली, २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली. तिच्या केंद्रीय नियमांचा जो मसुदा २०२० साली प्रसिद्ध झाला होता त्यात घरभाडे हे अन्न आणि कपड्यांच्या खर्चाच्या १० टक्के धरावे असे होते. त्या मुलाचे अन्नाचे ७,००० आणि कपड्यांचे माझ्या अंदाजाने ५०० धरा. दहा टक्के म्हणजे ७५० रुपये झाले. साडेसातशे रुपयांत बदरपूरला खोली दाखवील त्या गृहस्थाचा आपण मंडळातर्फे शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू.

आता त्याच्या पगाराकडे वळू, कारण तोही जसा दिसतो तसा नाही. २०,३७१ हा आकडा ठेकेदाराने मनाने काढलेला नाही. एप्रिल २०२५ पासून दिल्ली सरकारने अर्धकुशल कामगारासाठी ठरविलेले ते किमान वेतन आहे. अकुशलाला १८,४५६ आणि कुशलाला २२,४११. म्हणजे प्रशिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र आणि चार वर्षांचा अनुभव असलेला, भूमितीची आखणी करणारा हा मुलगा हजेरीपटावर 'अर्धकुशल' आहे! महिन्याला २,०४० रुपयांचा फरक एका शब्दाने पडला. मी त्याला विचारले, तू हरकत का घेतली नाहीस? तो म्हणाला, "काका, नळाची जोडणी पूर्ण माझ्याकडे आहे. पण कागदावर काय लिहिलंय ते मला तुम्ही आत्ता वाचून दाखवल्यावर कळलं."

दुसरी गंमत पाहा. दिल्लीतच, पण केंद्राच्या अखत्यारीतील बांधकामावर हाच मुलगा कुशल कामगार म्हणून लागला असता तर ऑक्टोबर २०२४ पासूनच्या दराने त्याला दिवसाला ९५४ म्हणजे महिन्याला २४,८०४ रुपये द्यावे लागले असते. त्याच वेळी दिल्ली सरकारचा कुशल कामगाराचा दर २१,९१७ होता. तीच कात्री आणि तोच पत्रा, खोलीही तीच.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यामुळे हे भाषण करावेसे वाटले. दिवाळीनंतर ठेकेदाराने आपली शेड ओखल्याहून फरीदाबादला न्यायचे ठरविले. तेथे जागा स्वस्त आहे, हे त्याने उघड सांगितले. मजुरीही स्वस्त आहे, हे न सांगता कळण्यासारखे होते. २०२५ साली दिल्लीच्या सीमेपलीकडे हरियाणात आणि उत्तर प्रदेशात किमान वेतनाचे दर दिल्लीपेक्षा बरेच खाली होते. मुलाला सांगण्यात आले की तुझा पगार कमी करणार नाही, पण यापुढे तो वाढण्याची वाट पाहू नकोस. नव्या माणसांना तेथल्या दराने घेणार. बदरपूरहून फरीदाबाद काही लांब नाही. खोली तीच राहणार, किराणा दुकान तेच, मुलीची बालवाडी तीच. फक्त तो रोज सकाळी एक सीमा ओलांडणार, आणि त्याच्या श्रमाचे मोल त्या सीमेवर बदलणार.

आता मी माझी गोष्ट सांगतो. आम्हा केंद्रीय नोकरांना घरभाडे भत्ता शहराच्या वर्गाप्रमाणे मिळतो. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यापासून 'एक्स' वर्गाच्या शहरात मूळ वेतनाच्या ३० टक्के, 'वाय'मध्ये २०, 'झेड'मध्ये १०. दिल्ली आणि पुणे 'एक्स'मध्ये आहेत, सोलापूर 'वाय'मध्ये. म्हणजे मला सोलापूरहून दिल्लीला बदलून आणले आणि सरकारी घर दिले नाही तर सरकार आपण होऊन म्हणते, बाबा रे, तेथे घर महाग आहे, हे घे. इतकेच नव्हे, फरीदाबाद, गाझियाबाद, नोएडा आणि गुरुग्राम येथल्या केंद्रीय नोकरांना खास आदेशाने दिल्लीच्याच दराने घरभाडे भत्ता मिळतो. म्हणजे फरीदाबादला राहणे दिल्लीइतकेच महाग आहे हे सरकारने माझ्या बाबतीत लेखी मान्य केलेले आहे. तो आदेश मी स्वतः फाइलला लावलेला आहे. पत्रेकारागिराच्या बाबतीत मात्र सीमेपलीकडे गेले की राहणी एकदम स्वस्त होते!

राज्याराज्यांनी आपापले दर ठरवावेत याला माझा विरोध नाही. बिहारमधल्या लहान गावाला मुंबईचा दर लावला तर तेथला कारखानाच बंद पडेल, हे मलाही कळते. नव्या संहितेत केंद्राने तळ वेतन ठरवावे, ते निरनिराळ्या प्रदेशांना निरनिराळे असू शकेल, आणि राज्यांना त्याखाली जाता येणार नाही, अशी तरतूद आहे. तो प्रदेश ठरविताना राज्याची हद्द पाहायची की कामगार भाडे कुठे भरतो ते पाहायचे, एवढाच माझा प्रश्न आहे. घरभाडे भत्त्याच्या आदेशात हद्द ओलांडण्याची युक्ती सरकारला सापडलेली आहे.

हे सगळे मी त्या मुलाला समजावून सांगत होतो, भत्ते, वर्ग, टक्के. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "काका, आमच्या धंद्यात बावीस गेजचा पत्रा असतो आणि चोवीस गेजचा असतो. नवीन पोरगं आलं की त्याला वाटतं चोवीसचा जाड. बावीसचा पाऊण मिलिमीटरच्या वर असतो आणि चोवीसचा त्याच्या आत. आकडा मोठा तेवढा पत्रा पातळ. मी दिल्लीचा आकडा ऐकून आलो." माझ्या सल्ल्याचा उल्लेख त्याने केला नाही. आमच्याकडची मुले वडिलधाऱ्यांना असे बोलत नाहीत, आणि त्यामुळेच ते मला अधिक लागले.

तो परत गेला का, असे आपण विचाराल. नाही गेला. सोलापूरला त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला गेला होता. मी त्याला मालकाकडे एक साधा अर्ज लिहून दिला : प्रमाणपत्राची प्रत जोडली आहे, कुशल कामगार म्हणून नोंद व्हावी. अर्ज मराठी माणसाने हिंदीत लिहिलेला असल्यामुळे त्यात दोन-तीन व्याकरणाच्या चुका होत्या, त्या त्याच्या बायकोने दुरुस्त केल्या. ती बारावी झालेली आहे, सोलापुरात तिची हिंदी उत्तम होती. हा अर्ज अजून मालकाच्या खणात आहे.

मंडळाच्या कार्यकारिणीपुढे मी एक मागणी ठेवली होती आणि ती मान्य झाली, म्हणून येथे जाहीर करतो. मंडळाकडे महाराष्ट्रातून अशी पत्रे आणि फोन पुष्कळ येतात : मुलाला दिल्लीत नोकरी लागते आहे, पगार इतका, पाठवू का? आजवर आपण उत्तर देत आलो ते आपल्या वसाहतीतल्या खिडकीतून पाहून. आता वाचनालयात दैनिकांच्या टेबलाशेजारी एक जाड वही ठेवली आहे. जो सभासद किंवा जो नवा मुलगा भाड्याच्या खोलीत राहतो त्याने तीत महिना, भाग, खोलीचे भाडे, विजेचा घरमालक लावतो तो दर, पाणी, कामावर जाण्यायेण्याचा खर्च आणि हजेरीपटावर लिहिलेला आपला हुद्दा, इतके लिहावे. नाव लिहायची आवश्यकता नाही. पन्नास वर्षांपूर्वी आलेल्यांनी आपले पहिले भाडे आठवत असेल तर शेवटच्या पानांवर लिहिले तरी चालेल, त्याचा इतिहास म्हणून उपयोग होईल.

पहिले पान बदरपूरचे आहे. परवापर्यंत संगम विहार, पालम आणि लक्ष्मी नगर अशा आणखी तीन नोंदी झाल्या होत्या. पालमच्या मुलाने विजेचा दर युनिटला नऊ रुपये लिहिला आहे आणि पुढे कंसात 'मीटर मालकाचा' असे लिहिले आहे. पेन वहीला दोरीने बांधलेले आहे, कृपया ते घेऊन जाऊ नये.